रानातली पंगत

वनभोजन हा शब्द मराठीत वावरतो तो हिवाळ्याच्या संगतीने. कार्तिक शुद्ध नवमीपासून पौर्णिमेपर्यंत आवळीच्या झाडाखाली पाने मांडायची, आधी झाडाची पूजा करायची, मग जेवायचे, असा तो सोपा विधी. हवा कोवळी असते, गवत नुकतेच पिवळे पडू लागलेले असते आणि ओढ्यांना अजून पाणी असते. या प्रथेच्या मागे आणखी एक जुनी पंगत उभी आहे. भागवताच्या दशमस्कंधात यमुनाकाठी गोपाळ आपापल्या शिदोऱ्या सोडतात, तीच पुढे मराठी भक्तिपरंपरेत काला होऊन आली. कोणाची भाकर कोणाच्या हातात गेली याचा हिशेब तेथे राहत नाही. मात्र त्या कथेतील एक तपशील सहसा विसरला जातो. सवंगडी जेवणात रमले असताना वासरे चरत चरत दूर रानात जातात आणि ब्रह्मदेव ती पळवून नेतो. हातात दहीभाताचा घास तसाच धरून कृष्णाला त्यांच्या शोधात निघावे लागते. जेवणाऱ्यांचे लक्ष शिदोरीकडे असते, आणि रानात तेवढ्या वेळात बरेच काही घडून जाते.

हे वनभोजन कार्तिकातून वैशाखात सरकले ते शाळेच्या सुट्टीमुळे. पंचांगाचा त्यात काही हात नाही. उन्हाळ्यात रानात जाणे ही मूळची शहाणपणाची गोष्ट नव्हे. पाने गळलेली, वाटा तापलेल्या, पाणवठे आटलेले. पण नागपूर, अमरावती, अकोला या गावांतला मे महिना ज्यांनी अंगावर काढला आहे त्यांना डोंगराची ओढ का लागते हे सांगावे लागत नाही. पारा पंचेचाळीस अंशांना टेकला की कूलरची वाळ्याची ताटी आणि खिशातला कांदा दोन्ही अपुरी पडतात. अशा वेळी वऱ्हाड-नागपूरकडचा माणूस उत्तरेकडे पाहतो. तिकडे सातपुडा आहे, आणि सातपुड्याच्या महादेव डोंगरांत, समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून थोड्या अधिक उंचीवर, पचमढीचे पठार आहे.

पचमढी आज मध्य प्रदेशातील नर्मदापुरम जिल्ह्यात येते. २०२२ पर्यंत त्या जिल्ह्याचे नाव होशंगाबाद होते. मराठी माणसाच्या लेखी मात्र ते परक्या प्रांतातील गाव कधीच नव्हते. नागपूर ही मध्यप्रांताची राजधानी असताना पचमढी ही त्याची उन्हाळी राजधानी होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजधानी आणि डोंगर यांची ताटातूट झाली, तरी माणसांच्या वहिवाटीच्या वाटा बदलल्या नाहीत. महाशिवरात्रीला चौरागडाच्या पायऱ्या खांद्यावर त्रिशूळ घेऊन चढणाऱ्यांत आणि श्रावणात नागद्वारीची वाट तुडविणाऱ्यांत विदर्भातील माणूस मोठ्या संख्येने असतो. चौरागडावर वर्षानुवर्षे वाहिलेल्या त्रिशूळांचे एक लोखंडी रानच उभे राहिले आहे.

मागच्या पिढीतील कुटुंब या सहलीला निघे ते घरच घेऊन निघाल्यासारखे. नागपूरहून छिंदवाड्याला जाणारी छोटी गाडी डब्यात कोळशाच्या कणांसह मुलांची भांडणे वाहून नेई. ती अरुंद रुळांची वाट २०१५ मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी मोठे रूळ आले. छिंदवाड्याहून तामियामार्गे मोटार. सामानात सतरंजी, फिरकीचा तांब्या, पाणी गार ठेवणारी कापडी छागळ आणि पितळी डबे. त्या डब्यांत काय असावे हे ठरविण्याचे शास्त्र घरातील वडील बायकांजवळ होते. दशमी दुधात भिजवलेली म्हणून दोन दिवस टिकते. तिखटमिठाच्या पुऱ्या प्रवासात मऊ पडतात, पण बेचव होत नाहीत. कैरीचा तक्कू पहिल्या दिवशीच संपवावयाचा. सातूचे पीठ आणि गूळ हा शेवटचा आधार, कारण त्याला विस्तव लागत नाही. आज कागदी पुड्यांतले फरसाण आणि प्लास्टिकच्या बाटल्या यांनी त्या शास्त्राची गरज संपविली, आणि तेव्हापासून सहलीच्या जागी मागे काय उरते हा प्रश्न सुरू झाला. दशमीचा तुकडा खाली पडला तर मुंगी नेई.

पठारावर पोचल्यावर पहिली जाणीव होते ती झाडांची. खाली दूरवर साग आहे; वैशाखात तो निष्पर्ण, करड्या काठ्यांचा. वर येताच साल वृक्षाची हिरवी, चकचकीत गर्दी सुरू होते. भारतातील ही दोन मोठी वृक्षराज्ये या डोंगरात एकमेकांना भिडतात. सालाचे रान कधी पूर्णपणे उघडे पडत नाही. जुनी पाने गळतात न गळतात तोच नवी आलेली असतात. म्हणून मे महिन्यातही येथे सावली असते. त्या सावलीच्या खाली आहे वालुकाश्म. गोंडवन काळातील हा जाड, सच्छिद्र खडक पावसाळ्यात पाणी पिऊन ठेवतो आणि उन्हाळ्यात ते थेंबाथेंबाने सोडतो. भोवतालचा मुलूख भाजून निघत असताना पचमढीच्या खोहांत झरे वाहत राहतात ते या खडकाच्या काटकसरीमुळे. दरीच्या तळाशी, जेथे ऊन दिवसातून जेमतेम घटकाभर पोचते, तेथे वृक्षनेचे उभे आहेत. माणसाहून उंच, छत्रीसारखी पाने पसरलेले. ओल्या जुन्या जगाची ही रोपे मध्य भारताच्या उन्हात तगून आहेत, हे प्रत्यक्ष पाहिल्यावाचून पटत नाही.

सहलीच्या जागा पुष्कळ आहेत आणि त्या सगळ्या सारख्या मोलाच्या नाहीत. धूपगड हे साडेतेराशे मीटर उंचीचे सातपुड्यातील सर्वोच्च शिखर. सूर्यास्ताला तेथे जत्रा लोटते, आणि सूर्य बुडाल्याबरोबर सगळे पाठ फिरवतात. खरे तर त्यानंतरचा अर्धा तास अधिक देखणा असतो. हांडी खोह ही खोल, सरळ कड्यांची दरी; महादेवाने येथे एका दुष्ट नागाला कोंडले अशी कथा आहे. तिच्या काठावर उभे राहून जेवणाची आठवण होत नाही. जटाशंकराच्या गुहेत खडकाच्या जटांमधून पाणी झिरपते आणि तेथील गारव्यात बोलण्याचा आवाज आपोआप उतरतो. पंगत बसावी अशी जागा मात्र अप्सरा विहार हीच. ओढा एका उथळ डोहात उतरतो, डोहाचा तळ स्वच्छ दिसतो, लहान मुलांनाही भय वाटू नये इतकेच पाणी एका बाजूला असते. भोवती सपाट खडक, त्यावर सालाची सावली. इंग्रज अमदानीत याला परीचा डोह म्हणत. भाषांतरात परीची अप्सरा झाली. हाच ओढा थोडे पुढे जाऊन साडेतीनशे फूट खाली कोसळतो, तो रजतप्रपात. उन्हाळ्यात त्याची एक बारीक रुपेरी दोरी उरते. धबधबा पाहावयाचा तर पावसानंतर यावे असे जाणकार सांगतात, आणि ते खरेही आहे. पण दोरीएवढ्या पाण्याकडे टक लावून बसण्यात जो निवांतपणा आहे तो भरल्या प्रपातापाशी मिळत नाही.

जमुना प्रपात, ज्याला बी फॉल म्हणूनच सारे ओळखतात, तो या सर्वांत लोकप्रिय. लांबच लांब पायऱ्या उतरून खाली गेले की अंगावर पडणारे पाणी हिमासारखे लागते. याच ओढ्यातून पचमढी गावाला पिण्याचे पाणी मिळते, ही गोष्ट डोहात खरकटी ताटे धुणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसते.

या पठारावर १८६२ मध्ये बायसन लॉज बांधणारा कॅप्टन जेम्स फॉर्सिथ येथील पहिला नामांकित प्रवासी मानला जातो. मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील त्याचे इंग्रजी पुस्तक १८७१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पचमढी साऱ्या साहेबी जगाला कळली. ‘शोध’ हा शब्द त्याच्या नावापुढे सर्रास लावला जातो. पण त्याच्या पूर्वी येथे कोरकू आणि गोंड होते. त्यांच्यातला भभूतसिंह १८५७ च्या उठावानंतर या डोंगरांच्या आधाराने इंग्रजांशी लढला आणि पकडला जाऊन मारला गेला. त्याच धामधुमीत, १८५८ च्या शरदात, तात्या टोपे नर्मदा ओलांडून सातपुड्यात शिरले होते. फॉर्सिथने पाहिलेली शांतता ही त्या पराभवानंतरची शांतता होती. २०२५ मध्ये मध्य प्रदेश शासनाने पचमढी अभयारण्याला राजा भभूतसिंहाचे नाव देण्याचे जाहीर केले. इतिहासाची एवढी दुरुस्ती तरी झाली.

आणि कोरकूंच्याही फार पूर्वी कोणी तरी येथे जेवले होते. पठाराच्या कडेकपारींतील शैलाश्रयांत लाल, पांढऱ्या रंगांतील चित्रे आहेत. हत्ती, बैल, घोडेस्वार, नाचणाऱ्यांच्या रांगा. आणि त्यांत मध काढणारी माणसे. शिडीवर चढलेली, पोळ्याभोवती माशा घोंघावत असलेली. चित्रकाराने माशाही काढल्या आहेत, नुसते ठिपके. वनभोजनाचे याहून जुने चित्र या देशात शोधावयाचे तर फार हिंडावे लागेल. मात्र त्यात आणि आजच्या सहलीत एक अंतर आहे. चित्रातील माणसे अन्न घेऊन रानात आलेली नाहीत. ती अन्नासाठी रानात आहेत.

शहरातील माणसाला उन्हाळ्याचे रान उपाशी वाटते. वस्तुतः रान सर्वाधिक देते ते याच दिवसांत. फाल्गुन-चैत्रात मोह फुलतो. रात्री फुले गळतात आणि पहाटे झाडाखाली फिकट, मांसल फुलांचा सडा पडलेला असतो. ती वेचावयास बायकामुले टोपल्या घेऊन निघतात, आणि त्याच वेळी अस्वलही निघते. सातपुड्याच्या गावांत अस्वलाच्या पंजाची खूण अंगावर बाळगणारा माणूस भेटला तर त्याची कहाणी पुष्कळदा मोहाखालून सुरू होते. मग चार पिकते, जिच्या बियांतील चारोळी श्रीखंडावर पसरताना तिचे रान कोणाला आठवत नाही. तेंदूची पिवळी, चिकट, गोड फळे वैशाखात. मे महिन्यात तेंदूची पाने. ती तोडून, पुडके बांधून, फडावर मोजून देण्यावर हजारो घरांचे वर्षाचे मीठमिरची चालते. शेवटी ज्येष्ठात जांभूळ. शेकरू या फांदीवरून त्या फांदीवर झेपावत सालाच्या शेंड्यांतून फिरते. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन अंड्यांवर बसलेली असते आणि नर तिला फटीतून एकेक फळ भरवितो. रानातील खरी पंगत ही. माणसाची सतरंजी तिच्या एका कडेला पसरलेली असते, एवढेच.

सातपुडा राष्ट्रीय उद्यान १९८१ मध्ये घोषित झाले. सुमारे सव्वापाचशे चौरस किलोमीटरांचे. बोरी आणि पचमढी या अभयारण्यांसह ते पुढे व्याघ्रप्रकल्पाचा भाग झाले. राष्ट्रीय उद्यान हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील सर्वांत कडक दर्जा. तेथे गुरे चारता येत नाहीत, विस्तव लावता येत नाही, फूल-फळ-लाकूड काही उचलता येत नाही. कायदा प्रवेशाची जी कारणे मान्य करतो त्यांत अभ्यास, छायाचित्रण आणि पर्यटन ही आहेत. याचा अर्थ नीट उलगडून पाहावा असा आहे. मोहाची फुले वेचणारीस जेथे पाऊल टाकण्यास मज्जाव, तेथे दशम्यांचा डबा घेऊन आलेला पाहुणा तिकीट काढून जाऊ शकतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासींच्या हक्कांना मान्यता दिली. तरीही त्याच सुमारास आणि त्यानंतर सातपुड्याच्या गाभ्यातील अनेक कोरकू-गोंड गावे बाहेर हलविण्यात आली. मोबदला मिळाला, जमीन मिळाली, काही ठिकाणी वीज आणि शाळाही आली. काही गावांना त्यात सुख वाटले, काहींना नाही. गावांच्या सोडलेल्या शेतांवर गवत माजले आणि त्या कुरणांत सांबर, चितळ, गवे उतरू लागले. २०१५ पासून कान्ह्याचे बारशिंगे आणून येथे सोडण्यात आले. कुरण पाहून पर्यटक हरखतात. त्यात कोठे तरी एखादे आंब्याचे झाड सरळ रेषेत लावल्यासारखे दिसते, आणि मग उमगते की ते कोणाच्या तरी अंगणात होते.

हा गुंता सातपुड्यापुरता नाही. श्रीनगरजवळचे दाचीगाम, हांगुलांचे ते सुंदर अरण्य, १९१० मध्ये राखून ठेवले गेले ते शहराला स्वच्छ पाणी मिळावे म्हणून. तेही १९८१ मध्येच राष्ट्रीय उद्यान झाले. त्याच्या नावाचा अर्थच ‘दहा गावे’. अरण्य राखण्यासाठी जी दहा गावे उठविली गेली त्यांची आठवण म्हणून ते नाव. चिनारांच्या सावलीत बसणाऱ्या किती जणांनी त्या नावाचा अर्थ विचारला असेल? उत्तराखंडातील फुलांच्या दरीने वेगळी वाट धरली. जूनमध्ये ती उघडते, घांघरियाहून पायी जावयाचे, शिदोरी बरोबर न्यावयाची, दिवस कलण्यापूर्वी परत फिरावयाचे. मुक्काम नाही, चूल नाही. पण तेथील मेंढपाळांची कुरणेही त्याच नियमाने बंद झाली. आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात तर सारेच प्रश्न एका कुंपणाच्या आत एकत्र नांदतात: कान्हेरीची लेणी, रविवारची गर्दी, बिबटे आणि कित्येक पिढ्यांचे वारली पाडे.

२०१२ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभाक्षेत्रातील पर्यटन काही काळ थांबविले, तेव्हा गावेही नकोत आणि पाहुणेही नकोत असा एक सरळ, निष्ठुर न्याय क्षणभर दिसला. ऑक्टोबरमध्ये मार्गदर्शक सूचनांसह बंदी उठली. गाभ्याचा फार तर पाचवा हिस्सा पर्यटनासाठी वापरावा असे ठरले. ती तडजोड वाईट नव्हे. पाहुणा अजिबात येत नाही त्या रानाची बाजू घेणारा बाहेर कोणी उरत नाही, हेही खोटे नाही.

ओढ्याकाठी मात्र प्रश्न असा मोठ्या शब्दांत उभा राहत नाही. तेथे जे घडते ते साधारण असे. आजी तीन दगड शोधून आणतात, काटक्या गोळा करतात. नातवंडांना गरम पिठले घालावे एवढीच त्यांची इच्छा असते. वनरक्षक धावत येतो. तो बहुधा याच मुलखातला, खाकी सदऱ्यातला तरुण.

“अम्माजी, यहाँ चूल्हा मत जलाइए.”

“अरे बाबा, एवढंसं तर पिठलं. विझवून टाकीन मी.”

“एक चिनगारी बहुत है, अम्माजी. पत्ता सूखा है.”

तो सांगतो ते अक्षरशः खरे असते. वैशाखातील पाचोळा पायाखाली पापडासारखा मोडतो. जाळरेषा साफ करण्यात आणि वणवा विझविण्यात वनखात्याच्या माणसांचे उन्हाळ्याचे महिने जातात. मोह वेचणारेही झाडाखालचा पाला जाळतात, फुले दिसावीत म्हणून, आणि त्यातूनही वणवे लागतात. तेव्हा दोष एकट्या सहलकऱ्याचा नाही. पण गावकऱ्याच्या विस्तवाला पोटाचे कारण असते. आजी दगड बाजूला सारतात. काटक्या तेथेच राहतात. मग त्या दशमीवर तक्कू घालून पहिला घास त्या तरुणापुढे धरतात, कारण पंगतीत उभ्या माणसाला वगळून जेवण्याची त्यांना सवय नसते. तो संकोचतो, हात पुसतो, घेतो, आणि खडकाच्या कडेला बसून खातो. त्याच्या आजीची चूल पूर्वी कोठे पेटत असेल हे त्याला कोणी विचारीत नाही.

दुपार उतरू लागते तशी गर्दी पांगते. नवरंग पक्ष्याची दोनस्वरी शीळ झुडपांतून ऐकू येते. तो पावसाच्या आधी थोडाच काळ येथे पोचलेला असतो. एखादा स्वर्गीय नर्तक आपली पांढरी फीत ओढीत डोहावरून जातो. वानरे उतरून सतरंजीच्या जागेची तपासणी करतात. त्यांना फेकलेल्या बिस्किटांची चटक लागली आहे, आणि ती लावणारे स्वतःला दयाळू समजतात.

जूनच्या अखेरीस धूपगडामागून ढग येऊ लागतात. १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत गाभाक्षेत्राची फाटके पर्यटकांसाठी बंद होतात. श्रावणात नागद्वारीच्या यात्रेपुरती तेवढी एक वाट उघडते. तेव्हा भर पावसात विदर्भातील यात्रेकरू नामघोष करीत त्याच रानातून जातात आणि वाटेत जेथे निवारा मिळेल तेथे भाकरी सोडतात. तोवर अप्सरा विहारच्या खडकांवर जांभळाचे डाग पडलेले असतात. पहिल्या दोनतीन जोरदार सरींत ते धुऊन निघतात, आणि ओढा गढूळ होऊन रजतप्रपाताकडे धावू लागतो.